बिनपाण्याची हजामत

एखाद्याची कोणी चारचौघांत खरडपट्टी काढली म्हणजे आपण म्हणतो, त्याची बिनपाण्याने हजामत झाली. कोरड्या गालावरून पाते फिरले म्हणजे काय यातना होतात, हे आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते, म्हणूनच हा वाक्प्रचार रूढ झाला. पण आश्चर्य असे की, जी गोष्ट आपण शिक्षा म्हणून बोलून दाखवितो, तीच आमच्या खेड्यांतील शेकडो पुरुष दर आठवड्यास स्वतःच्या हाताने स्वतःवर ओढवून घेत असतात. रविवारी मिस्सेची पहिली घंटा झाली की ओसरीवर धांदल उडते. थोरल्या भावाचा रेझर धाकटा उचलतो, थंड पाण्याचा हात गालावरून फिरवितो, अंगाच्या साबणाची वडी दोनदा घासतो आणि पाच मिनिटांत काम उरकून, हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवून मंडळी देवळात हजर होतात. मानेवरचे लाल पुरळ आणि कानाखालची चिरणी सोमवारपर्यंत आग करीत राहते. त्यावर कोणी बोलत नाही, कारण दाढी ही बोलण्यासारखी गोष्ट आहे असे कोणास वाटतच नाही.

आम्हांस मात्र वाटते, आणि का वाटते ते वाचकांस पुढे कळेलच. प्रश्न केवळ गुळगुळीत गालांचा नाही.

घरी दाढी करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नव्हे. पूर्वी गावचा नाभिक धोकटी घेऊन दारी येई, झाडाखाली बसवून वस्तऱ्याने दाढी करी आणि सुगीच्या वेळी बलुते म्हणून ज्वारीचा वाटा घेऊन जाई. वस्तरा सहाणेवर लावणे, चामड्याच्या पट्ट्यावर परजणे आणि दुसऱ्याच्या गळ्यावरून निर्धास्तपणे फिरविणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. ती ज्यास येत नाही त्याच्याही हाती पाते सुखरूप द्यावे कसे, हा प्रश्न युरोपात व अमेरिकेत पुष्कळांनी हाताळला. आज आपण ज्यास रेझर म्हणतो तो किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाचा. निकरसन नावाच्या यंत्रज्ञाने पातळ पोलादी पाते तयार करण्याची रीत शोधून त्यास साथ दिली. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली, असे सांगतात. १९०४ साली जिलेटला त्याचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या प्रत्येक सैनिकास असा रेझर दिला. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. युद्धानंतर ते सैनिक घरी परतले आणि त्यांच्याबरोबर ही सवयही घरोघर गेली. १९६२ साली विल्किन्सन या इंग्रज कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाची लेप दिलेली पाती बाजारात आणली. तोवर पाते एकदोन वेळांत बोथट होई व गंजे, ते आता आठवडाभर टिकू लागले. आपल्याकडे टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक अशा नावांची पाती किराणा दुकानाच्या भिंतीवर लटकू लागली आणि धोकटी हळूहळू मागे पडली.

वस्तरा गेला, रेझर आला. पण वस्तऱ्याबरोबरची विद्या मात्र घरी आली नाही. नाभिक पाते लावण्याआधी किती वेळ गाल भिजवून चोळीत असे, हे आठवावे. तो वेळ वाया जात नव्हता. निम्मी दाढी तेथेच होत असे.

या संबंधात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या शतकाच्या आरंभी जिलेट कंपनीने हिंदुस्थानासाठी एक खास रेझर काढला. आपल्या लोकांच्या दाढ्या दाट व दोन दाढ्यांमधले दिवस जास्त, म्हणून पात्यात अडकलेले केस ढकलून काढण्यासाठी त्यात एक लहान दांडी बसविली. त्याची परीक्षा घेतली ती अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. त्यांना तो आवडला. येथे विक्रीस आला तेव्हा मात्र फसला. कारण असे की, त्या विद्यार्थ्यांच्या पुढे नळाचे वाहते पाणी होते आणि येथील माणूस जमिनीवर बसून, खांबाला आरसा टेकवून, एका पेल्यातील पाण्यात दाढी करीत होता. पेल्यातील पाण्यात ते पाते धुऊन निघेना. पुढे कंपनीची माणसे येथे येऊन घरोघरी लोक दाढी कशी करतात ते पाहत बसली, तेव्हा कोठे त्यांस उमगले. मग २०१० साली त्यांनी थोड्या सुट्या भागांचा, एका पात्याचा, सहज खळबळता येईल असा १५ रुपयांचा रेझर काढला. मोठमोठ्या विद्वानांस जे कळावयास इतकी वर्षे लागली, ते आमच्या बेला-जैनदच्या कोणाही शेतकऱ्याने ओट्यावर बसून सांगितले असते! असो. आम्ही पुढे जे सांगणार आहोत तेही पेलाभर पाण्याच्या माणसासाठीच आहे.

प्रथम पाणी. कोरडा केस चिवट असतो. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोराने कापला जातो. त्यास दोन-तीन मिनिटे तरी लागतात. म्हणून दाढी आंघोळीपूर्वी न करता आंघोळीनंतर लगेच करावी. ते जमत नसेल तर ऊन पाण्यात पंचा बुडवून, पिळून, गालांवर व गळ्यावर मिनिट-दोन मिनिटे धरावा. आपला आदिलाबाद जिल्हा तेलंगणात थंडीसाठी प्रसिद्ध आहे. पौषात पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी गार पाण्याने त्वचा आकसते, अंगावर शहारे येतात, आणि शहारलेल्या त्वचेवरून पाते फिरविणे म्हणजे खडबडीत वाटेवरून बैलगाडी हाकणे होय. चुलीवर आंघोळीचे पाणी तापतच असते, त्यातलेच तांब्याभर घ्यावे. मात्र चटका बसेल इतके कढत नको.

दुसरी अडचण आहे पाण्याच्या जातीची. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि ज्या पाण्याने पातेल्यात पांढरा थर बसतो, त्या जड पाण्यात साबणाला फेसही येत नाही. पाण्यातील चुन्याचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो. तो त्वचेवर बसतो, पात्यावर बसतो, आणि दोष मात्र पात्यास दिला जातो. पाणी उकळून निवळू दिले तर या क्षारांचा काही भाग खाली बसतो. पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ पाणी धरले तर त्यासारखे दुसरे नाही. दाढीस लागते किती? दोन वाट्या. एका वाटीत ब्रश भिजवावा, दुसऱ्या भांड्यात रेझर खळबळावा. ही दोन पाणी एक करू नयेत. तेवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

आता साबण. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो. पाहता पाहता तो विरतो आणि गाल कोरडा पडतो. दाढीच्या साबणात पोटॅशचा अंश व स्टिअरिक आम्ल अधिक असल्याने त्याचा फेस दाट होतो व टिकतो. वडी असो की नळीतील क्रीम असो, दोन्ही चांगली. वडी पैशाला अधिक पुरते. ब्रश ऊन पाण्यात मिनिटभर भिजवून, हलकेच झटकून, वडीवर गोल गोल फिरवावा आणि मग गालावर. येथे घाई करू नये. प्रथम बुडबुडे दिसतील. थेंब थेंब पाणी घेत आणखी फिरवीत राहिले म्हणजे फेस दह्यावरच्या सायीसारखा होतो. ब्रशचे टोक वर उचलले असता तो गळत नाही, आणि बुडबुडा दिसत नाही. हीच खूण. ब्रशचे काम फेस लावण्याइतकेच केस उभे करण्याचेही आहे, म्हणून केसांच्या दिशेच्या उलट फिरवून मग वरून सारखा करावा. नुसत्या बोटांनी क्रीम चोपडणाऱ्यांस हा लाभ मिळत नाही.

ब्रशविषयी एक चमत्कारिक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांगल्या ब्रशांचा तुटवडा पडला आणि घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश इंग्लंड-अमेरिकेत विकले गेले. त्यांतून गुरांना होणारा काळपुळीचा रोग माणसांच्या गालांवर उमटला. दोनशेहून अधिक लोकांना तो झाल्याची नोंद आहे आणि कित्येक दगावले. आज तशी भीती नाही, आणि कृत्रिम तंतूंचा ब्रश तर निर्धोक आहेच, स्वस्तही आहे. पण ओला ब्रश डबीत कोंडून ठेवण्याची आपल्याकडील खोड वाईट. वापरल्यावर धुऊन, झटकून, केस खाली करून हवेशीर जागी टांगावा.

रेझरकडे येऊ या. पाते नेहमी लांडक्या, म्हणजे धार नसलेल्या, बाजूंनी धरावे. बसविल्यावर दोन्ही अंगांनी ते सारखे बाहेर डोकावते की नाही ते पाहावे. एका अंगास अधिक बाहेर आले तर ते अंग कापल्यावाचून राहणार नाही. मग कोन. रेझरचा माथा गालावर सपाट टेकवावा, दांडी गालापासून सरळ बाहेर राहील. आता दांडी हळूहळू खाली आणावी. ज्या ठिकाणी धार केसास लागून बारीक करकर ऐकू येऊ लागते, तोच कोन. तेथे पाते गालाशी सुमारे ३० अंशांत असते. दांडी याहून फार खाली गेली तर धार कातडी खरवडते. हा कोन गालावर सोपा, हनुवटीवर अवघड. म्हणून हनुवटीवर बोटभर लांबीचेच फटके घ्यावेत.

जोर मुळीच देऊ नये. धातूच्या रेझरला स्वतःचे वजन असते, तेवढेच पुरे. आम्ही पुष्कळ तरुणांस पाहिले आहे. ते रेझर खुरप्यासारखा धरतात. जोर लावावा लागतो याचा अर्थ इतकाच की, केस भिजला नाही, नाही तर पाते संपले. पाते संपते तेही कसे, याचा शोध एम.आय.टी.तीलच संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. पोलाद केसाहून सुमारे पन्नास पट कठीण असते, तरी केस वाकून पात्याच्या धारेवर तिरपा आदळला म्हणजे धारेचा सूक्ष्म टवका उडतो. मऊ केसाने कठीण पोलाद उडवावे, ही गंमतच नव्हे काय? व्यवहारात यातून घ्यावयाचे ते एवढेच की, केस जितका मऊ व उभा, तितकी धारेची झीज कमी. चार-पाच दाढ्यांनंतर पाते बदलावे. नव्या पात्याची किंमत चहाच्या एका कपाहून कमी आहे.

केसांना दिशा असते. गालावर ते बहुधा खाली वाढतात, पण गळ्यावर कोठे आडवे, कोठे वर, कोठे भोवऱ्यासारखे. दोन दिवसांच्या खुंटांवरून हात फिरवून पाहावा. ज्या अंगास हात गुळगुळीत सरकतो ती दिशा. पहिला हात त्या दिशेनेच. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. तिसरा, उलट दिशेचा हात ज्याची कातडी सोसते त्यानेच घ्यावा, आणि गळ्यावर तर शक्यतो नकोच. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उलट हाताने केस कातडीच्या आतच कापला जातो, आणि वाढताना वाकून कातडीतच घुसतो. मग गळ्यावर गाठीसारखे पुरळ येते, त्यात पू होतो, काळे डाग राहतात. सतरा-अठरा वर्षांचे मुलगे त्यावर बाजारातील वाटेल ते मलम लावतात. पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड असते. त्याने आधी बरे वाटते आणि नंतर कातडी पातळ होऊन दुखणे बळावते. अशा मुलास काही आठवडे दाढी करूच देऊ नये. दाढी वाढलेली बरी दिसत नाही असा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरू नये. आमची त्यास हरकत नाही, देवाचीही नसावी.

दाढी झाल्यावर गार पाण्याने चेहरा धुऊन टिपावा, घासू नये. चिरणीवर ओली तुरटी लावावी. तुरटीने रक्तातील द्रव्ये गोठतात व बारीक शिरेचे तोंड मिटते. राख, चुना, तंबाखू यांतील काहीही लावू नये. कापूस आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहे, पण शेतातील वेचलेला कापूस जखमेवर ठेवण्याइतका स्वच्छ नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तीकडे वळतो. एका घरात चार पुरुष आणि रेझर एक, ही स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. “घरचेच तर आहेत” असे म्हणतात. पण पात्यावर डोळ्यांस न दिसणारे रक्त राहते, आणि त्या रक्तातून हेपटायटिस बी व सी हे यकृताचे रोग एका अंगातून दुसऱ्या अंगात जाऊ शकतात. बी जातीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसपर्यंत जिवंत राहतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे गेल्या रविवारचे रक्त या रविवारीही निर्जीव झालेले नसेल. हा रोग अंगात असलेल्यास कित्येक वर्षे पत्ता लागत नाही. तो शेतात राबतो, जेवतो, हसतो. बाळांस आता सरकारी लसीकरणात याची लस देतात, परंतु बापास व आजोबांस ती कोणी दिली होती? सी जातीवर तर लस नाहीच. तेव्हा पाते प्रत्येकाचे वेगळे, आणि रेझरही वेगळा. प्रत्येकाच्या दांडीस निराळ्या रंगाचा दोरा बांधावा. तुरटीचा खडाही सामाईक नको.

दुकानात दाढी करविणाऱ्यांनी पाते आपल्या डोळ्यांदेखत नवे लावून घ्यावे. त्यात नाभिकबंधूंचा अपमान नाही. बहुतेक दुकानांत आता अर्धे पाते मोडून बसविण्याचाच वस्तरा असतो, आणि चांगला कारागीर न सांगता ते बदलतो. हा धंदा आपण कमी लेखू नये. तेलंगण सरकारने २०२१ साली नाभिकांच्या दुकानांस महिना २५० युनिटपर्यंत वीज मोफत देण्याचे ठरविले, ते योग्यच झाले. आणि आपल्या वाचकांस आठवण द्यावयाची तर, पेरू देशातील लिमा शहरचे संत मार्टिन द पोरेस यांनी लहानपणी याच धंद्याची उमेदवारी केली होती. त्या काळी न्हावीच जखमा बांधी व रक्त काढी. तेथे शिकलेली शुश्रूषा त्यांनी पुढे मठात रोग्यांसाठी आयुष्यभर वापरली. न गंजणारे पाते निघाले त्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्यांस संतपद देण्यात आले.

शुश्रूषेवरून आणखी एक गोष्ट आठवते. आजाऱ्यांच्या घरी जाताना आमच्या ध्यानात वारंवार येते ती अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या बापाची दाढी. सून जेवण भरविते, मुलगा औषध आणतो, नातू पाणी देतो. पण दाढी महिना-महिना कोणी करीत नाही. आणि जो मनुष्य जन्मभर दर रविवारी स्वच्छ दाढी करून देवळाच्या पहिल्या बाकावर बसला, तो भेटीस आलेल्यांपासून तोंड भिंतीकडे फिरवितो. मुलाने हे काम शिकून घ्यावे. ते स्वतःच्या दाढीहून वेगळे आहे.

उजेडाच्या बाजूस तोंड करून, पाठीशी उशा देऊन त्यांस अर्धवट बसवावे. पूर्ण आडवे ठेवून दाढी करू नये. कवळी असेल तर ती तोंडात असू द्यावी, म्हणजे गाल आत जात नाहीत. नसेल तर बोटाने कातडी कानाकडे ताणून धरावी, कारण सैल कातडीची घडी पात्याखाली आली की कापलीच म्हणून समजावे. फेस थोडा व दाट, नाकातोंडापासून दूर. ज्यांस गिळण्याचा त्रास आहे त्यांच्याबाबत याची फार काळजी घ्यावी. अर्धांगवायू झालेल्याच्या लुळ्या बाजूस कापले तरी त्यास कळत नाही, तेव्हा त्या बाजूस दुप्पट सावध राहावे. चामखीळ किंवा तीळ असेल तेथे बोट ठेवून भोवतालून जावे. एक हात हनुवटीखाली असावा, आणि पुढे काय करणार ते आधी सांगावे: “बाबा, आता गळ्यावर घेतो, मान जरा वर करा.” न सांगता गळ्यास पाते लावलेले कोणास आवडेल? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर पात्याऐवजी विजेचे यंत्र वापरावे हे उत्तम. मधुमेह असेल तर लहानशी चिरणीही दुसऱ्या दिवशी पाहावी. आणि त्यांचा रेझर त्यांचाच, आपला नको.

राहता राहिले जुने पाते. ते कोठे जाते? कोणी मातीच्या भिंतीच्या फटीत खोचतो, कोणी वळचणीत, आणि बहुतेकजण परसातील उकिरड्यावर टाकतात. उकिरड्याचे खत होते, खत गाडीने शेतात जाते, आणि आषाढ-श्रावणात निंदणीस बसलेली बाई हातानेच तण उपटीत असते. बोटास पाते लागले तर तिचा आठवड्याचा रोज जातो, शिवाय शेणखताच्या मातीत धनुर्वाताची भीती. गाय-बैल कडब्याबरोबर पाते गिळतात तेव्हा तर इलाज फार अवघड होतो. दाढी पुरुषांनी करावी आणि बोटे बायकांची कापावीत, हा न्याय आम्हांस पटत नाही.

उपाय सोपा आहे. पत्र्याचा एक लहान झाकणाचा डबा घ्यावा, झाकणाला छिन्नीने पाते जाईल इतकी अरुंद खाच पाडावी, झाकण पक्के ठोकून टाकावे आणि तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा. भरला म्हणजे खाच ठोकून मिटवावी आणि आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेस विचारून, सुया जेथे टाकतात तेथे द्यावा. अशी वेळ लवकर येईल असे मात्र नाही. पात्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते. शंभर पाती एकावर एक रचली तर उंची भरते एक सेंटिमीटर. तीन पुरुषांच्या घराला एक डबा कित्येक वर्षे पुरेल.